तेराव्या मजल्याची चौकशी

त्या इमारतीच्या तेराव्या मजल्यावरील आठही घरांना बँकेने कर्ज दिले होते. इमारत बारा मजल्यांची होती आणि परवानगीही बारा मजल्यांचीच होती.

बिल्डर पसार झाला होता. त्या आठ कर्जदारांपैकी एका परिचारिकेच्या पगारातून नसलेल्या घराचा हप्ता अजून सतरा वर्षे कापला जाणार होता. माझ्याकडे सोपवलेल्या चौकशीत बँकेचा कोणी दोषी ठरला, तरच तो थांबणार होता.

“घर घेणाऱ्याने घर बघायला नको?” कर्ज विभागाचे साहेब म्हणाले. “बाईंनी पदरचे पैसे भरले, ते पाहूनच आम्ही रक्कम सोडली.”

“आणि मी तुमचं मंजुरीचं पत्र पाहून पैसे भरले,” परिचारिका म्हणाली. “म्हटलं, एवढी मोठी बँक काय डोळे मिटून कर्ज देते?”

फाईलवर ‘तपासले’ असे सात शिक्के होते. मी सातही जणांना एकेक करून बोलावले. सहा जणांनी आपल्या आधीचा शिक्का तपासला होता. पहिला शिक्का मारणारे कारकून तर चक्क हसले.

“अहो, माझ्यापुढे सहा जण तपासणार होते की! मी एकटा शहाणा कशाला होऊ?”

कपाटात त्याच सात शिक्क्यांच्या आणखी चारशे फायली होत्या. मी बँकेची नियमावली पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली आणि अहवालात कारण नोंदवले.

 

मजले मोजणे हे कोणाचेच काम नव्हते.