चुकीचा बँड

“ड्रमवर धडधड्याला बसवू या,” शिंपी म्हणाला, आणि पलंगावरच्या चावीवाल्याचे डोळे मोठे झाले.

शिंपी स्टुलावर ऐसपैस बसला होता. मित्राचा लुळा पडलेला उजवा हात त्याने स्वतःच्या मांडीवर घेतला होता आणि बोलता बोलता तो एकेक बोट चोळत होता. “धडधड्याच बरा. जरा आवाज तरी होईल.”

चावीवाल्याने डाव्या हाताने गादीवर थाप मारली. तोंड उघडलं. घशातून नुसता घोगरा आवाज आला आणि तिथेच विरला. त्याने भिंतीकडे मान फिरवली.

औषध घेऊन दारात उभ्या असलेल्या मुलीच्या कपाळावर आठी पडली. या बँडला ती लहानपणापासून ओळखत होती. बाबांचं चाव्यांचं दुकान आणि काकांचं शिवणाचं दुकान यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत होती आणि दोघांत मिळून एक रेडिओ. त्यावर देशोदेशीचे वादक लागायचे. त्यांची नावं दोघांच्याही जिभेवर बसत नसत, म्हणून त्यांनी सगळ्यांना आपल्या सोयीची नावं देऊन टाकली होती. मग त्यांतला एकेक हिरा उचलून दोघांनी मनातल्या मनात आपला बँड उभा केला. ट्रम्पेटवर गालफुग्या. पियानोवर झोपाळू. ड्रमवर आजोबा, कारण आजोबा ड्रमला मारत नसत, कुरवाळत. आणि गायला बाई. नुसतीच बाई. तिला टोपणनाव ठेवायची दोघांचीही हिंमत झाली नव्हती.

यांतले निम्मे कधीच वारले होते आणि उरलेल्यांनी एकमेकांची तोंडंही पाहिली नव्हती. त्यावाचून काही अडत नव्हतं. चाव्या घासायचं मशीन थांबलं की भिंतीच्या अलीकडून-पलीकडून वाद सुरू व्हायचा. झोपाळू बरा की दुसरा कोणी? गालफुग्या आधी वाजवेल की बाई आधी गाईल? जिंकायचे नेहमी बाबाच. बोलण्यात त्यांचा हात धरणारा गल्लीत कोणी नव्हता.

मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. समजत मात्र सगळं होतं. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम घरी येत आणि चित्रं दाखवत: कप, दार, कुत्रा. बाबा डोळे गच्च मिटून घेत. सगळ्या गल्लीशी वाद घातलेल्या माणसाने आता ‘कुत्रा’ म्हणून दाखवायचं!

मुलीची रजा संपत आली होती. ती कामावर गेल्यावर त्यांना पाणी हवंय की पाठ दुखतेय, हे कळणार तरी कोणाला?

तिने शिंप्याला स्वयंपाकघरात बोलावलं. “काका, राग मानू नका. पण तुम्ही सगळं विसरलात का हो? ड्रमवर आजोबा असतात. काल पियानोवर भलत्यालाच बसवलंत. परवा गालफुग्याच्या हातात चक्क बासरी दिलीत. बाबांना किती त्रास होतो! त्यांना उत्तर देता येत नाही ना.” तिने औषधाची बाटली ओट्यावर ठेवली. “उद्यापासून नका येऊ.”

शिंप्याने चहाचा कप विसळला, पुसला आणि जागेवर ठेवला. “उद्या एकदाच येतो, बाळ. बाईचं तेवढं ठरायचंय.”

“बाईचं काय ठरायचं?”

तो चपला घालून निघूनही गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. चावीवाल्याने त्याच्याकडे पाहिलंच नाही. शिंप्याने स्टूल पुढे ओढलं आणि त्याचा हात मांडीवर घेतला.

“ऐक. खूप विचार केला. बाईला काढून टाकू या.”

चावीवाल्याची मान गर्रकन वळली.

“वय झालं रे तिचं. तिच्या जागी मी गातो.”

आणि शिंप्याने खरंच गायला सुरुवात केली. बाईचं सगळ्यात आवडतं गाणं, वरच्या पट्टीत. पहिल्याच ओळीला आवाज चिरकला. दुसऱ्या ओळीला तो सूर सोडून कुठल्या कुठे गेला, पण थांबेना. चावीवाला लालबुंद झाला. ओठ थरथरले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. मुलगी हातातलं काम टाकून धावत आली.

“ग... गप!” चावीवाला ओरडला. “गप बस!”

शिंप्याचं तोंड उघडंच राहिलं.

“बाई,” चावीवाला म्हणाला. मग छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा म्हणाला, “बाईच!”

मुलगी पलंगाच्या कडेला मटकन बसली. शिंपी हसायला लागला आणि हसता हसता त्याला डोळे पुसायला बाही पुरेना.

“काका, म्हणजे तुम्ही मुद्दाम...”

“अगं, बरोबर बोललो असतो तर नुसती मान हलवून गप्प राहिला असता. चूक मात्र याने माझी आयुष्यात कधी खपवून घेतली नाही.” त्याने मित्राच्या खांद्यावर हात ठेवला. “फार छळलं लेका तुला. आता नाही. ड्रमवर आजोबा, पियानोवर झोपाळू, ट्रम्पेटवर गालफुग्या. बाई मधोमध. सगळं तुझ्या मनासारखं. आता पड निवांत.”

चावीवाल्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. त्याने नकारार्थी मान हलवली. डाव्या हाताने शिंप्याची बाही पकडली, त्याला जवळ ओढलं आणि एकेक शब्द जुळवत तो म्हणाला,

“चूक... सांग.”