नऊच्या नऊ

नगरपालिकेची नोटीस टेबलावर पसरून वकील म्हणाले, "एका घरात दोनच मांजरी, असा नियम आहे. दोन तुमच्या दाखवू, सात गावाकडच्या बहिणीच्या नावावर, तिथं हा नियम नाही. सुनावणीत कुणी खोदून विचारणार नाही."

रेवतीबाईंनी फाइल उघडली. नऊ मांजरींच्या लसींचे, नसबंदीचे दाखले तारीखवार लावलेले होते. सगळ्या कुणीतरी टाकून दिलेल्या, त्यांनी ड्रॉपरनं दूध पाजून जगवलेल्या.

"मी चोरी केलेली नाही वकीलसाहेब, मग लपवू कशाला? नियमच चुकीचा आहे, असं लिहा."

"हरलात तर सात हातच्या जातील."

रेवतीबाईंची मान ताठच राहिली. "जिंकले तर नऊही माझ्याच म्हणून राहतील."

वकिलांनी नवा कागद पुढे ओढला. "सांगा, पहिलीचं नाव?"

"चंद्री. एका डोळ्यानं आंधळी आहे, तेही लिहा."