दुकानात मात्र चालतो

तिसऱ्यांदा ती कॉम्प्युटरचा डबा तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून दुकानात आली. घरी दहा मिनिटांत मान टाकणारा तो मेला कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर तासभर सुरळीत चालला. जसं काही त्याच्यासारखा गुणी दुसरा कोणी नाहीच.

"ताई, याला काही धाड भरलेली नाही," दुरुस्तीवाला वैतागला. "आमच्यासमोर बघा कसा शहाण्यासारखा वागतोय! घरी तुमचंच काहीतरी चुकत असणार."

ती वायरी गुंडाळत राहिली.



नवऱ्याचा मार खाऊन ती तिसऱ्यांदा माहेरी गेली होती, तेव्हा तिला न्यायला आलेल्या जावयापुढे चहा ठेवत आईही अगदी हेच म्हणाली होती.