पैकीच्या पैकी

मराठीच्या परीक्षेत पास झाला, तरच निजामीत उर्दू शिकलेल्या आयुबची कारकुनी टिकणार होती. रोज शुद्धलेखन घालायला कुणीतरी हवं, म्हणून त्यानं पन्नाशीतल्या अम्मीलाच मुळाक्षरं शिकवली. तो चुकला की ती चिडवायची, “फिरून लिवा, साहेब!” साहेब पास होऊन बदलीवर लोहाऱ्याला गेले. जळकोटहून अम्मीची कार्डं यायची. आयुब लाल शाईनं चुका दाखवून ती परत धाडायचा. चुका घटल्या, तसा मजकूरही आखूड झाला. शेवटच्यावर एवढंच होतं: ‘मी बरी आहे.’ त्यानं पैकीच्या पैकी मार्क दिले. अम्मीच्या दफनानंतर शेजारच्या चाँदपाशांनी तिची पाटी त्याच्यापुढं ठेवली. “म्या म्हणलं, लिवून देतो. म्हणाली, ‘न्हाय, बिनचूक जमलं की मीच धाडीन.’” पाटीवर होतं: ‘स्वास लागतो’, ‘शवास लागतो’, ‘श्वास लागतो’. तिसऱ्यात आयुबला चूक सापडेना. परीक्षा त्याची; फी अम्मीनं भरली.