खात्रीची गाडी

मास्तर ताकही फुंकून पिणारे. लेकीसाठी एसयूव्ही घ्यायची तर शोरूमच्या आधी ते आपल्या जुन्या मेकॅनिककडे गेले. "ही डोळे झाकून घ्या," एका गाडीच्या फोटोवर बोट ठेवून तो म्हणाला. "दहा वर्षांत या मॉडेलची एकही गाडी माझ्याकडे दुरुस्तीला आलेली नाही."

आज सकाळी लेक, जावई, नातवंडं नव्या गाडीतून घाटाकडे निघाली. मग मास्तर आपली रोज कुरकुरणारी जुनी गाडी मोडीत काढायला भंगारवाल्याकडे आले. आवारात लेकीच्या गाडीच्याच मॉडेलच्या गाड्यांची रांग. पत्रा पार चेपलेला, टायर मात्र कोरे.

"ही दुरुस्तीला कधी जातच नाही, असं मेकॅनिक म्हणाला होता," मास्तर कसेबसे बोलले.



"खोटं नाही बोलला तो," भंगारवाला म्हणाला. " गॅरेजला न्यायला काही उरतच नाही. सरळ माझ्याकडे येतात."