न लावलेला हात

लेस्टरजवळच्या नदीकाठी सगळ्यांनी मास्तरांची मूठमूठ राख पाण्यात सोडली. हात धुण्याआधी इंदूताईंनी पाहिलं, धाकट्या मुलाचा, निरंजनचाच तळवा कोरा. त्यांना नवऱ्याची जुनी गोष्ट आठवली. बर्मिंगहॅमच्या शाळेत गणित शिकवताना मास्तर नेपियरची दंतकथा हटकून सांगत. लॉगॅरिदम शोधणाऱ्या त्या स्कॉटिश गणितज्ञाने काळोख्या खोलीत काजळी फासलेला कोंबडा ठेवला. घरातला चोर शोधायला नोकरांना एकेक करून आत जाऊन कोंबड्याला हात लावायला सांगितलं; चोराने हात लावला की तो आरवेल, असं बजावलं. सगळे काळे हात घेऊन बाहेर आले. घाबरलेल्या चोराचा तेवढा स्वच्छ. "निरू, तू बाबांना हात लावला नाहीस," ताई म्हणाल्या. "आजारपणात ते फोनवर निरोप ठेवत राहिले, आई, मी आलो नाही. आता हात लावला, तर विचारतील." "विचारू देत. तू सांग." ताईंनी उरलेल्या राखेचा डबा पुढे केला. निरंजनने आत हात घातला, आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.