पाळीवरची पेटी

“पेटी न उघडताच तुमी माह्या बापाले दोषी ठरवून टाकलं, साहेब!”

नवेगाव बांधच्या अलीकडचं गाव. तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, भर दुपारी निशा ओरडत होती. तिचा बाप मंगरू इथला चौकीदार. त्याला कामावरून काढायचा कागद पाटबंधारे खात्याच्या साहेबांच्या हातात होता. त्यात लिहिलं होतं: सायरनच्या तारांशी चौकीदारानं छेडछाड केली, म्हणून पाणी धोक्याच्या खुणेवर गेलं तरी सायरन वाजला नाही, पाळ फुटली, खालचे धान वाहून गेले. चौकशी म्हणे झाली होती.

आधी पावसाळ्यात घरटी एक माणूस आळीपाळीनं पाण्यावर बसायचा. सायरन आला अन् गावानं ते सोडलं. आता तेच गाव मंगरूकडे तिरपं पाहत होतं.

निशा मोटारपंपाच्या दुकानात वायरिंग करते. तिनं सायरनची पेटी उघडली. तलावातल्या पाणी मोजणाऱ्या मापकाच्या तीन तारा आत आल्या होत्या.

“ग्राउंड बरोबर आहे. बाकीचं पाहा. मापकाचं टीएक्स, म्हणजे सांगनारं टोक, सायरनच्या टीएक्सलेच जोडलं. आरएक्स, ऐकनारं टोक, आरएक्सले. दोघंही बोलून रायले, ऐकून कोनीच नाही रायला.”

“म्हणजे तारा बदलल्या,” साहेब शांतपणे म्हणाले. “किल्ली कोणाजवळ असते? उद्घाटनाला सायरन वाजला होता. तेव्हा जोडणी बरोबरच होती.”

“वाजला त होता, पोरी,” सरपंच प्रेमिलाबाई पुटपुटल्या.

निशाची नजर बापाकडे वळली. तिलाही क्षणभर शंका आली.

“बाबा, हात लावला होता का?”

“कायले लावू, माय?” मंगरू म्हणाला.

तिनं पुन्हा पेटीत डोकं घातलं. एक चौथी तार होती. ती तलावाकडून येतच नव्हती. सायरनच्या भोंग्यातून निघून ती चौकीच्या भिंतीआड गेली होती. निशा तिच्यामागं गेली. मागच्या बाजूला, सिमेंटच्या पोत्याआड, घराच्या दाराला असतं तसं बेलचं बटन होतं.

तिनं दाबलं.

सायरन असा कोकलला की पलीकडच्या जंगलातून बगळे उठले. लोकांनी कानांवर हात ठेवले. साहेब कागदाची घडी घालू लागले.

“घडी नोका घालू, साहेब,” निशा म्हणाली. “उद्घाटनाच्या दिवशी तलाव अर्धाच भरला होता, पानी खुनेपर्यंत गेलंच नव्हतं. हे बटन कोनं दाबलं, सांगा!”